तावाचा सांधा : शिरूरची धाव आणि दौंडचा रूळ

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवलेली असते, तिला धाव म्हणतात. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी लहानपणी ही धाव सांधताना मी पुष्कळदा पाहिली आहे. पट्टीची दोन टोके भट्टीत पांढरट पिवळी होईपर्यंत तापली की लोहारतात्या शेजारच्या फुटक्या डब्यात हात घालीत, चिमूटभर कोरडी वाळू काढीत आणि ती त्या तापल्या टोकांवर टाकीत. टोके पुन्हा भट्टीत जात. क्षणभराने ती बाहेर निघत, ऐरणीवर एकावर एक ठेवली जात, घण बसे आणि ठिणग्यांचा फुलोरा उडे. आम्ही मुले मागे सरकत असू. पुन्हा जवळ येऊन पाहावे तर दोन टोकांचे एक लोखंड झालेले असे.

वाळू कशासाठी, हे कळत नव्हते. विस्तव विझवायला वाळू टाकतात, तशी लोखंड फार तापू नये म्हणून टाकत असतील, अशी माझी समजूत होती. पुढे धातुशास्त्र शिकलो तेव्हा ती समजूत चुकीची होती हे कळले. पण त्याआधी आमच्याच घरी एक प्रसंग घडला होता. त्याचा अर्थही फार उशिरा लागला. तो प्रसंग पुढे येईलच. आधी वाळूच्या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

तांबे ओतता येते, लोखंड नाही

शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे एक संपूर्ण खेडे तिथे मातीखालून बाहेर आले. हे लोक तांबे वापरत, पण ते त्यांच्याजवळ फार थोडे होते. त्यामुळे रोजच्या कापाकापीची पाती ते चाल्सेडनीसारख्या दगडापासून काढत.

तांब्याचा एक मोठा गुण म्हणजे ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या भट्टीला भात्याने वारा दिला की इतके तापमान गाठता येते. म्हणून तांबे साच्यात ओतता येते, मोडलेली वस्तू पुन्हा वितळवून नवी करता येते. लोखंडाचे तसे नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश तापमान लागते. जुन्या काळच्या साध्या भट्टीत ते मिळत नसे.

मग लोखंड मिळत कसे होते? विदर्भात नागपूरजवळ नायकुंड येथे महापाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात लोखंड काढण्याची भट्टी सापडली आहे. ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली आहे. अशा भट्टीत कोळसा आणि लोहखनिज यांचे थर देत. कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातला ऑक्सिजन काढून घेई आणि लोखंड घन अवस्थेतच मोकळे होई. ते लोखंड म्हणजे स्पंजासारखा, भोकाभोकांचा, मळीने भरलेला गोळा असे. तो तापवून घणाने ठोकला की वितळलेली मळी पिळून बाहेर पडे आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लोखंडाचे कण ठोकून एकमेकांना चिकटवणे म्हणजे सांधणेच. या जातीच्या लोखंडाला घडीव लोखंड म्हणतात. खिळा असो, फाळ असो की तलवार असो, घडीव लोखंडाची प्रत्येक वस्तू हा असंख्य लहान सांध्यांचा समूह असतो. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी तो घडवला, तेव्हा एवढे लोखंड वितळवून ओतण्याचा प्रश्नच नव्हता. लोखंडाचे गोळे तापवून एकावर एक ठोकत तो वाढवलेला आहे. आपल्या किल्ल्यांवर ज्यांना बांगडी तोफा म्हणतात, त्यांची रचनाही अशीच असते. आत लोखंडाच्या लांब पट्ट्या आणि त्यांवर तापवून चढवलेली कडी.

मराठी परिभाषेत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ असा शब्द केला गेला आहे. आजच्या विजेच्या वेल्डिंगला तो शोभतो. पण लोहाराच्या सांध्यात लोखंड वितळत नाही. ते वितळू लागले तर सांधा बिघडतो. म्हणून आपण या लेखापुरते त्याला ‘तावाचा सांधा’ म्हणू. लोखंडाला ताव द्यायचा, म्हणजे योग्य तेवढे तापवायचे, आणि दाबायचे.

धाव कशी सांधतात

धाव हे तावाच्या सांध्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिथे सांध्याची परीक्षा लगेच होते.

लोहार प्रथम चाकाच्या लाकडी घेराचे माप घेतो आणि पट्टी त्या मापाने तोडतो. मग दोन्ही टोके तापवून थोडी ठोकून आखूड आणि जाड करून घेतो, कारण पुढे घणाखाली ती पातळ होणारच असतात. नंतर प्रत्येक टोक पाचरीसारखे तिरपे करतो. या तिरप्या बाजू सपाट ठेवायच्या नसतात, मध्ये किंचित फुगीर ठेवायच्या असतात. याचे कारण पुढे पाहू. पट्टी वाकवून वाटोळी केली की तिरपी टोके एकमेकांवर येतात. मग ताव, वाळू, पुन्हा ताव आणि घण.

सांधलेली धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवतात. तिच्याभोवती गोवऱ्या रचून तिला तापवतात. ती प्रसरण पावते, तापलेली असतानाच चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लाकूड करकरते, वाफ उठते आणि आरे जागच्या जागी आवळले जातात.

दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित घालता येईल. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला तर घेर सुमारे ३७७० मिलिमीटर होतो. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आहे. तापमान ४०० अंशांनी वाढवले तर घेरात ३७७० × ०.००००१२ × ४००, म्हणजे साधारण १८ मिलिमीटरची वाढ होते. एका बोटाच्या जाडीएवढी ही वाढ. तेवढ्या अवकाशात धाव चढवायची आणि निवताना तिने सगळे चाक आवळायचे. आवळताना धावेवर जो ताण येतो, तो सांध्यालाही सोसावा लागतो. सांधा कच्चा असेल तर बहुधा तिथेच उघडतो.

उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि धाव ढिली होते. तेव्हा काही शेतकरी गाडी नदीच्या पाण्यात उभी करून लाकूड फुगवून घेत. पण हा उपाय तात्पुरता. खरा उपाय म्हणजे धाव तोडायची, थोडी आखूड करायची आणि पुन्हा सांधायची. त्यामुळे गावाच्या लोहाराला हा सांधा वर्षानुवर्षे करावा लागे.

वाळू काय करते

दोन धातूंचे तुकडे एकमेकांना चिकटण्यासाठी मुळात वितळण्याची गरज नसते. धातूचे अणू ज्या बंधाने एकमेकांना धरून असतात, तो बंध समोरच्या तुकड्यातल्या अणूंशीही जुळू शकतो. अट एकच. दोन्ही पृष्ठभाग अगदी स्वच्छ हवेत आणि अणूला अणू भिडेल इतके जवळ यायला हवेत. सोन्याच्या स्वच्छ पातळ पत्र्यांचे थर थंड असतानाही ठोकून एक होतात, कारण सोन्याला गंज चढत नाही.

लोखंडाचे दुर्दैव असे की हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तापवले की तो झपाट्याने वाढतो. ऐरणीभोवती जे काळे पोपडे पडलेले दिसतात ते हेच. दोन तापलेल्या टोकांच्या मध्ये हा पोपडा राहिला तर कितीही घण मारा, लोखंड लोखंडाला भेटतच नाही.

म्हणजे लोहारापुढचा खरा प्रश्न उष्णतेचा नाही, स्वच्छतेचा आहे. पोपडा घासून काढावा तर दुसऱ्या क्षणी नवा तयार होतो. तो वितळवून पातळ करावा तर लोखंडाचा ऑक्साइड १३७७ अंशांना वितळतो. इतक्या तापमानाला लोखंड जळून वाया जाण्याचा धोका असतो.

इथे वाळू कामी येते. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. ती एकटी १७०० अंशांनाही सहज वितळत नाही. पण लोखंडाच्या ऑक्साइडशी तिचा संयोग झाला की फायालाइट नावाचे सिलिकेट तयार होते आणि ते सुमारे १२०० अंशांना वितळते. वितळायला अवघड अशा दोन पदार्थांचे मिळून सहज वितळणारे तिसरे द्रव्य बनते. ते काचेच्या रसासारखे तापल्या टोकांवर पसरते, पोपडा आपल्यात ओढून घेते आणि खालच्या लोखंडाला हवेपासून झाकून ठेवते. घण पडला की हा रस सांध्यातून पिळून बाहेर उडतो आणि त्याच्या वाटेत स्वच्छ लोखंड स्वच्छ लोखंडाला भिडते. ठिणग्यांच्या फुलोऱ्यात या रसाचे थेंबही असतात.

आता तिरपी टोके फुगीर का ठेवायची हे लक्षात येईल. फुगीर बाजू आधी मध्ये टेकतात आणि रसाला कडेने बाहेर पडायला वाट राहते. टोके खोलगट असतील तर रस मध्येच कोंडतो. पहिला घणही म्हणूनच मध्यावर आणि बेताने मारायचा असतो.

वर्गात याचा एक साधा प्रयोग करता येतो. शाडूच्या मातीचे दोन ओलसर गोळे एकमेकांवर दाबा, ते एकजीव होतात. आता दोन गोळ्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना कोरडी राख फासून दाबा, ते सहज सुटतात. तिसऱ्या जोडीवर राख फासून वर थोडे पाणी सोडा आणि फुगीर बाजू समोरासमोर आणून दाबा. बरीचशी राख पाण्याबरोबर बाजूला जाते आणि गोळे पुष्कळसे चिकटतात. राख म्हणजे पोपडा, पाणी म्हणजे वाळूचा रस.

लोहारसाळ अंधारी का असते

तावाच्या सांध्याला साधारण १२५० ते १३५० अंश तापमान लागते. त्याहून कमी तापले तर सांधा धरत नाही, जास्त तापले तर लोखंड जळते. तापमापक नसताना हे ओळखायचे कसे? रंगावरून. तापत जाणारे लोखंड आधी काळपट लाल, मग लाल, केशरी, पिवळे आणि शेवटी पांढरट दिसते. भर उन्हात हे रंग नीट ओळखू येत नाहीत. लोहाराचे छप्पर बुटके आणि आतली जागा अंधारी असते, त्याचे हे एक कारण आहे. ती अंधारी जागा त्याचा तापमापक आहे.

तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणारी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. १००० अंशांवरून १३०० अंशांवर गेले तर ती सव्वादोन पटींहून अधिक वाढते. डोळ्यांना हा फरक जाणवतो. शिवाय दुसरी एक खूण असते. सांध्याचा ताव आला की लोखंड ओले दिसू लागते, त्यावर तूप सोडल्यासारखी चकाकी येते. तो वितळलेल्या सिलिकेटचा थर असतो. म्हणजे लोहार डोळ्यांनी केवळ तापमान पाहत नाही, एक रासायनिक क्रिया पूर्ण झाल्याचे पाहतो.

भट्टीतली जागाही महत्त्वाची. भात्याच्या नळीच्या अगदी तोंडाशी ताजी हवा येते, तिथे लोखंड ठेवले तर पोपडा वाढतो. थोडे वर, निखाऱ्यांच्या जाड थरात, हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. लोहार टोके तिथे ठेवतो आणि वर कोळसा ओढून घेतो.

तिखे आणि सवागी

शेतीची अवजारे टिकायची तर धार कठीण हवी आणि अंग चिवट हवे. सबंध कुऱ्हाड पोलादाची केली तर महाग पडे. पोलादाला जुन्या मराठीत ‘तिखे’ असा शब्द होता. नरम लोखंडाच्या अंगाला तिख्याची छोटी पट्टी सांधून तिचीच धार काढायची, ही युक्ती जगभरच्या लोहारांनी वापरली.

पण हा सांधा अधिक अवघड असतो. पोलादात कार्बन जास्त असतो आणि कार्बन जसा वाढतो तसे लोखंड कमी तापमानाला वितळू लागते. नरम लोखंडाला जो ताव हवा, त्या तावाला तिखे जळू लागते. वाळूचा रस तयार व्हायला तर बाराशे अंश हवेत. म्हणून इथे वाळूऐवजी टाकणखार वापरतात. यालाच सवागी असेही म्हणतात. टाकणखार ७४३ अंशांनाच वितळतो आणि लोखंडाचा ऑक्साइड विरघळवून घेतो. त्यामुळे कमी तावावर सांधा साधतो. सांध्यातून थोडा कार्बन पोलादाकडून लोखंडाकडे सरकतो, पण तो मिनिटभरात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत जेमतेम पोचतो. अंग नरम राहते, धार कठीण राहते.

म्हणजे कोणत्या लोखंडाला वाळू आणि कोणत्याला टाकणखार, हे लोहाराला माहीत असले पाहिजे. हातात आलेले लोखंड ओळखणे हाच त्याच्या विद्येचा पाया. आणि नेमका तोच पाया एकोणिसाव्या शतकापासून हलू लागला.

दौंडचे रूळ

१८५८ साली पुण्याहून दौंडवरून जाणारा डिकसळपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे दौंडकडचे हे पहिले रूळ घाट चढून आले ते सडकेने, गाड्यांवर लादून. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला आणि दौंड हे जंक्शन बनले.

त्या काळचे रूळ घडीव लोखंडाचे असत. इंग्लंडमध्ये हेन्री कोर्टने १७८० नंतरच्या दशकात ओतीव लोखंडापासून घडीव लोखंड करण्याची आणि ते रुळांमधून लाटण्याची पद्धत बसवली होती. पट्ट्यांचा गठ्ठा बांधायचा, त्याला पांढरट ताव द्यायचा आणि वाफेच्या यंत्रावर फिरणाऱ्या लाटण्यांतून काढायचा. लाटणी दाब देत, मळी पिळली जाई आणि पट्ट्या एकमेकींना सांधल्या जात. म्हणजे शिरूरच्या गाडीची धाव आणि दौंडचा रूळ हे एकाच विद्येचे होते. फरक एवढाच की इथे घण माणसाच्या हातात होता आणि तिथे वाफेच्या. त्या रुळांचा दोषही सांध्याचाच होता. जड गाड्यांच्या चाकांखाली थर सुटत आणि रुळाचे पापुद्रे निघत.

१८५६ मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या ओतीव लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली. हे पोलाद द्रवरूपात तयार होऊन साच्यात ओतले जाई. त्यात मळीचे धागे नव्हते, सांधे नव्हते, पापुद्रे निघण्याची भीती नव्हती. पुढच्या दोन-तीन दशकांत रूळ पोलादाचे झाले आणि घडीव लोखंड हळूहळू मागे पडले. घडीव लोखंडात मुळातच सिलिकेटची मळी असे, त्यामुळे ते ‘वाळू आत घेऊनच’ आलेले लोखंड होते आणि सहज सांधले जाई. नव्या पोलादात ती नव्हती. साधे नरम पोलाद काळजीपूर्वक सांधता येते. पण पुढे भंगारातून गावोगाव जे पोलाद येऊ लागले ते एका जातीचे नव्हते.

वाळू न घेणारे लोखंड

आता आमच्या घरचा प्रसंग. ऊसतोडणीचे दिवस होते आणि गाडीची धाव एका जागी झिजून तुटली होती. तेवढा भाग तोडून हातभर तुकडा घालायचा होता. आजोबांनी नवी पट्टी न घेता ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा आणला. “ह्यो कडक हाय, झिजायचा न्हाई,” असे त्यांचे म्हणणे. तात्यांनी तो तुकडा ऐरणीवर वाजवून पाहिला आणि मान हलवली. “अण्णा, ह्ये लोखंड वाळू घेत न्हाई,” ते म्हणाले. आजोबांना घाई होती. तात्यांनी दोन सांधे केले. तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीखाली त्यातला एक उघडला, धाव निसटली आणि चाक बसले. बैलांना इजा झाली नाही, एवढे नशीब.

सगळा दोष तात्यांवर आला. कसबी माणसाने असे काम केलेच कसे, म्हणून त्या वर्षीचे बलुत्याचे धान्य आजोबांनी त्यांना दिले नाही. बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत लोहाराला कामाचा रोख दाम नसे, खळ्यावरचे धान्य हेच त्याचे वर्षाचे उत्पन्न. तात्या काही बोलले नाहीत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो आणि आजोबांचेच बरोबर वाटत होते.

पुढे प्रयोगशाळेत पाट्याच्या पोलादाचे विश्लेषण समोर आले, तेव्हा ते वाक्य आठवले. मोटारीच्या पाट्यांच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. शिवाय सिलिकॉन, मँगेनीज आणि काही जातींत क्रोमियम असते. क्रोमियमचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्याही वर वितळतो आणि वाळू त्याला सहज विरघळवू शकत नाही. कार्बनामुळे जास्त तावही देता येत नाही. पोपडा तिथेच राहतो आणि सांधा वरून एकजीव दिसला तरी आतून कच्चा राहतो. ‘वाळू घेत नाही’ यापेक्षा हे थोडक्यात आणि नेमके सांगणे मलाही जमणार नाही. तात्यांचे निदान बरोबर होते. ते पटवून द्यायला लागणारे शब्द त्यांच्याजवळ नव्हते आणि ऐकून घेण्याची सवय आम्हाला नव्हती.

आपल्याकडच्या कारागिरीचा इतिहास लिहिताना याचा विचार करावासा वाटतो. लोहाराची विद्या हातातून हातात आणि बापाकडून मुलाकडे गेली. ती कागदावर आली नाही. त्यामुळे जुने लोखंड असेपर्यंत ती अचूक चालली, पण नवे लोखंड आले तेव्हा ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. ज्यांच्याजवळ ‘का’ विचारण्याची साधने होती, ते लोक लोहारसाळेच्या उंबऱ्यात पाय ठेवत नव्हते. जातींच्या भिंतीने हात आणि वही यांची गाठ पडू दिली नाही. नुकसान दोघांचे झाले.

सांधा बदलला, तत्त्व नाही

त्याच पाट्याचा आज उत्तम कोयता होतो. सबंध पाते पोलादाचे असल्यामुळे धारेला वेगळे तिखे सांधावे लागत नाही. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि धाव गेली. खेड्यात वीज आली आणि लोहारसाळेच्या जागी वेल्डिंगचे दुकान उभे राहिले. तावाचा सांधा आमच्या भागात आता क्वचितच दिसतो. आठवडी बाजाराच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबांकडे भट्टी, भाता आणि ऐरण अजून दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. हातोडीच्या एका खुणेवर घण कुठे पडायचा हे ठरते. लोखंड सांध्याच्या तावावर काही क्षणच राहते, त्यामुळे तिथे बोलायला वेळ नसतो.

पण तत्त्व गेलेले नाही. वेल्डिंगच्या दुकानात जी कांडी वापरतात, तिच्यावर राखाडी लेप असतो. त्या लेपात सिलिकेटे आणि इतर खनिजे असतात. काम झाल्यावर सांध्यावर काचेसारखा पोपडा राहतो आणि कारागीर तो हातोडीने उडवतो. वितळलेल्या धातूला हवेपासून झाकायचे आणि ऑक्साइड ओढून घ्यायचा, हे वाळूचेच काम तो लेप करतो.

आणि दौंडचे रूळ? हल्ली मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांना सांधून खूप लांब केलेले असतात, म्हणून गाडीची पूर्वीची खटखट कमी झाली. त्यासाठीची एक रीत अशी आहे. दोन रुळांची टोके समोरासमोर आणून त्यांतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडतात. टोके तापतात, ठिणग्या उडतात, आणि मग यंत्र ती एकमेकांवर जोराने दाबते. वितळलेला, ऑक्साइड मिसळलेला थर बाहेर फेकला जातो आणि आतले स्वच्छ पोलाद पोलादाला भिडते. रुळाच्या पोलादातही कार्बन अर्ध्या टक्क्याहून अधिकच असतो. म्हणजे तेही ‘वाळू न घेणाऱ्या’ लोखंडाच्याच जातीचे. जे तात्यांना त्या दिवशी साधले नाही, ते इथे रोज साधते. ताव आणि दाब तेच आहेत. फरक एवढाच की हातातले पोलाद कोणत्या जातीचे आहे ते आधी तपासलेले असते आणि त्याप्रमाणे यंत्राचे माप ठरवलेले असते.

तात्यांचा मुलगा आज वेल्डिंगचे दुकान चालवतो. मागे गावी गेलो तेव्हा त्याला मी पाट्याची आणि क्रोमियमची गोष्ट सांगितली. कांडीचा पोपडा उडवता उडवता तो म्हणाला, “दादा, बा त्या सालचं धान्य राहिलं म्हणून कधी बोलला न्हाई. सांधा सुटला, तेवढंच बोलायचा.”

तुमच्या गावात किंवा बाजाराच्या ठिकाणी एखादी भट्टी अजून पेटत असेल, तर वर्गाला तिथे घेऊन जा. घिसाड्याचे एखादे मूल तुमच्या वर्गात असेल, तर लोखंडाच्या तावाचे रंग त्याला फळ्यावर ओळीने लिहायला सांगा. आपल्या पुस्तकात त्या रंगांपुढे अंशांचे आकडे दिलेले असतात. ते आकडे त्याच्या रंगांशेजारी तुम्ही लिहा.